जुन्या गाडीत सिंथेटिक ऑईल घालायचंय? आधी इंजिन तपासा, मग या क्रमाने जा

"सिंथेटिक घातलं आणि आठ दिवसांत गाडी गळायला लागली." "पातळ ऑईल आहे हो, टॅपेट वाजायला लागले." "एवढे पैसे घातले, तरी ऑईल खायचं काही थांबलं नाही." साताऱ्यात ओळखीच्या लोकांकडून या तीन तक्रारी मी सतत ऐकतो. नेमकं काय काय केलं हे विचारत मागे गेलं की दोनपैकी एक चूक हमखास सापडते. एक तर ऑईलची जात बदलताना त्याच दिवशी जाडीही बदललेली असते, किंवा इंजिन कोणत्या अवस्थेत आहे हे न बघता महागाचं ऑईल ओतलेलं असतं.

या दोन्ही चुका मी एकाच दिवशी केल्या होत्या. २००४ सालची छोटी पेट्रोल गाडी जन्मापासून २०डब्ल्यू-४० मिनरल ऑईलवर चाललेली. मी तिच्यात थेट ५डब्ल्यू-३० सिंथेटिक घातलं. तीन आठवड्यांनी कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात क्लच सुटायला लागला. क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील आधीच कडक झालेलं होतं, तिथून ऑईल झिरपून क्लच प्लेटपर्यंत गेलं होतं. गिअरबॉक्स उतरवावा लागला. ऑईलच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त खर्च त्या कामाला आला, आणि दोष ऑईलचा नव्हता.

साधारण १२ ते २५ वर्षं वयाच्या, अजून नियमित चालणाऱ्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांसाठी हे लिहितो आहे. सगळं नीट करायला तीन-चार महिने लागतात. एका रविवारात उरकायचा बेत असेल तर मिनरल ऑईलच वेळेवर बदलत राहा. गाडीला तेच जास्त मानवेल.

## आधी हे समजून घ्या: जाडी वेगळी, जात वेगळी

कॅनवरचा २०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० हा आकडा जाडी सांगतो. डब्ल्यूच्या आधीच्या आकड्यावरून थंडीत ऑईल किती सहज वाहतं ते कळतं, नंतरच्या आकड्यावरून इंजिन तापल्यावर ते किती जाड राहतं ते कळतं. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मोजमापात १०० अंश सेल्सिअसला ३० नंबरचं ऑईल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडीचं एकक), ४० नंबरचं १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९ असावं लागतं. मिनरल असो की सिंथेटिक, तापल्यावर ४० म्हणजे ४०च. "सिंथेटिक पातळ असतं" हा समज होण्याचं कारण इतकंच की दुकानात सिंथेटिकचे जे कॅन पुढे मांडलेले असतात ते बहुतेक ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० चे, म्हणजे नव्या गाड्यांचे असतात.

मिनरल, सेमी सिंथेटिक आणि फुल्ली सिंथेटिक या झाल्या जाती. सेमीमध्ये सिंथेटिकचा वाटा किती असावा याचं ठरलेलं प्रमाण नाही. सिंथेटिक उष्णतेत उशिरा खराब होतं, त्याचा चिकट गाळ कमी होतो आणि सकाळी पहिल्या स्टार्टला ते वरपर्यंत लवकर पोचतं. आपल्या भागात यातला पहिला फायदा सगळ्यात मोठा. मे महिन्यात एसी लावून, चार माणसं बसवून खंबाटकी किंवा पसरणी घाट दुसऱ्या गिअरवर चढताना ऑईलची खरी परीक्षा होते. टर्बो असलेल्या डिझेलला हा फायदा आणखी जास्त, कारण टर्बोच्या बेअरिंगपाशी ऑईल जळून त्याची काजळी धरते.

थंडीसाठी मात्र इथे ०डब्ल्यूची काहीच गरज नाही. २०डब्ल्यू ऑईलचीसुद्धा थंड स्टार्टची चाचणी उणे १५ अंशाला घेतात. वेण्णा तलावाकाठी दवाचा बर्फ होतो त्या पहाटेही १०डब्ल्यू किंवा १५डब्ल्यू पुरून उरतं.

म्हणून पहिल्या खेपेला फक्त जात बदला. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा होता तोच ठेवा.

## टप्पा १: पुस्तिका काढा, इतिहास लिहा

गाडीची मालक पुस्तिका शोधा. दुसऱ्या-तिसऱ्या हातातली गाडी असेल तर ती बहुधा नसतेच. अशा वेळी त्याच मॉडेलच्या आणि त्याच सालच्या इंजिनाची पुस्तिका मिळवा. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या साली वेगळी इंजिनं आलेली आहेत, म्हणून नुसतं नाव जुळून भागत नाही. तीन गोष्टी वहीत लिहा: कंपनीने सांगितलेली जाडी किंवा जाड्या, एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) दर्जा, आणि फिल्टरसह ऑईल किती लिटर लागतं. हा शेवटचा आकडा आठव्या टप्प्यात लागणार आहे.

मग गेल्या दोन-तीन वर्षांत कोणतं ऑईल घातलं, किती किलोमीटरवर बदललं, ते आठवेल तसं लिहा. आधीच्या मालकाने आधीच सिंथेटिक घातलेलं असेल आणि गाडी ठणठणीत असेल, तर पाचवा टप्पा सोडून दिलात तरी चालेल.

## टप्पा २: इंजिनाची तपासणी

लोक हाच टप्पा गाळतात. यात घाई करू नका.

झाकणाखाली बघा. इंजिन थंड असताना ऑईल भरायचं झाकण उघडा आणि आत टॉर्च मारा. धातूवर तपकिरी, सोनेरी पातळ लेप असेल तर ते वयाचं लक्षण, त्याची काळजी नको. काळा, डांबरासारखा, बोटाने खरवडला की निघणारा थर असेल तर तो गाळ. झाकणातून सगळं दिसत नाही, म्हणून शंका असेल तर टॅपेट कव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) उघडून घ्या. छोट्या गाड्यांत हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि तसंही गॅस्केट बदलायचंच असतं.

झाकणाला आतून सायीसारखा पांढरट फेस दिसला तर लगेच हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑईल वेगळं ठेवणारं) गेलं असं समजू नका. पावसाळ्यात गाडी फक्त पोवई नाका ते राजवाडा अशी दोन-तीन किलोमीटर फिरत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ तिथे साचते. फेस पुसून घ्या, हायवेवर तीस-चाळीस किलोमीटरची एक फेरी मारा, पुन्हा बघा. फेस परत आला आणि कूलंटही कमी होत असेल तर मात्र गॅस्केट तपासायलाच हवं. ते झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

धुराची परीक्षा. यासाठी आपल्याकडे घाट आहेत हे बरं आहे. यवतेश्वरचा घाट गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढून उतरा. खाली सपाटीला आल्यावर एकदम ॲक्सिलरेटर द्या. मागून निळ्या धुराचा एकच भपका आला तर व्हॉल्व्हची सिलं कडक झालीत. घाट चढताना सतत निळा धूर येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. सकाळी स्टार्ट करताना क्षणभर निळा धूर आणि नंतर काही नाही, हेही व्हॉल्व्ह सिलांचंच लक्षण. मागे दुसऱ्या गाडीत कोणाला तरी बसवा. आरशात हा धूर नीट दिसत नाही.

बॅक कॉम्प्रेशन. गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑईलचं झाकण सैल करा. थोडी फुरफुर चालते. झाकण नाचायला लागलं, धुराचे ठोके यायला लागले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे झिजलेल्या रिंगांवरून वायू खाली येतायत. पण निकाल देण्याआधी ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारे भाग) काढून साफ करा. ते तुंबले की आतला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तो सिलांतून ऑईल बाहेर ढकलतो. निम्म्या गळत्यांचं मूळ मला या नळीत सापडलेलं आहे.

कॉम्प्रेशन टेस्ट. पेट्रोल इंजिनासाठी गॅरेजमध्ये गेज असतं, सगळे प्लग काढून चारही सिलिंडर मोजायला सांगा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. डिझेलला ही चमच्याची युक्ती करू नका. डिझेलचं गेज वेगळं असतं आणि ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्या.

ऑईलचा दिवा. चावी फिरवल्यावर लागायला हवा आणि इंजिन सुरू होताच दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. चावीला लागतच नसेल तर बल्ब किंवा वायर गेली आहे, ती आधी दुरुस्त करा.

> सावधान: घाट चढून आल्यावर आयडलला दिवा लुकलुकत असेल तर गाडी तिथेच बंद करा. लेव्हल बघा. लेव्हल बरोबर असूनही लुकलुकत असेल तर दाबाचं गेज लावून मोजल्याशिवाय गाडी चालवू नका. पंप किंवा बेअरिंग झिजलं असेल, आणि त्याला कोणतंही ऑईल पुरं पडणार नाही.

## टप्पा ३: एक हजार किलोमीटर मोजा

"थोडं खाते" हे माप नाही. सपाट जागा ठरवा, रोज तीच. सकाळी स्टार्ट करण्याआधी डिपस्टिक पुसून लेव्हल बघा, वरच्या खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटर लिहा. हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा बघा आणि वरच्या खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते मापाच्या भांड्याने मोजा.

माझा स्वतःचा हिशेब असा. हजार किलोमीटरला २०० मिलीपर्यंत लागलं तर बिनधास्त पुढे जा. २०० ते ५०० मिली लागलं तर कारण शोधा, बहुतेकदा गळती किंवा व्हॉल्व्ह सिलं निघतात. अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर सिंथेटिकचा विचार सोडा. जे ऑईल जळूनच जाणार त्यावर दुप्पट पैसे कशाला घालायचे?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग कुठे पडलाय बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली असेल तर क्रँकचं मागचं सील, पट्ट्याच्या बाजूला असेल तर पुढचं सील, आणि इंजिनाच्या अंगावरून ओघळ आला असेल तर बहुतेक टॅपेट कव्हरचं गॅस्केट.

## टप्पा ४: दुरुस्त्या आधी

क्रम असा ठेवा: ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही, टॅपेट कव्हर गॅस्केट, पुढची सिलं, आणि शेवटी मागचं सील. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून ते अगदी थोडं ओलं असेल, थेंब पडत नसेल, तर लगेच हात घालू नका, पुढच्या क्लचच्या कामाबरोबर करून घ्या. तोवर मिनरलवर राहिलात तरी बिघडत नाही.

गळतीचा आणि सिंथेटिकचा संबंध इथेच येतो. जुनं सील कडक होऊन आकसलेलं असतं आणि त्याच्या फटीत वर्षानुवर्षांचा गाळ बसून ती बुजलेली असते. सिंथेटिकमधली स्वच्छ करणारी द्रव्यं तो गाळ हळूहळू सोडवतात, मग फट उघडी पडते. आजची सिंथेटिक ऑईलं धड सील खराब करत नाहीत.

कूलिंगही याच वेळी बघा. थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्या अजून भरपूर फिरतात. "इंजिन थंड राहतं" म्हणून तो काढतात, पण त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, ऑईलमधलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही आणि गाळ वाढतो. थर्मोस्टॅट परत बसवा.

> सावधान: गळती थांबवणारी किंवा धूर कमी करणारी बाटली ऑईलमध्ये ओतू नका. नंतर घातलेल्या चांगल्या ऑईलच्या रसायनांचा तोल बिघडतो, आणि खरी गळती कुठून आहे तेही कळेनासं होतं.

## टप्पा ५: आतून सफाई, पण सबुरीने

अनेक ठिकाणी जुनं ऑईल काढल्यावर चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं त्या भागात) डिझेल किंवा रॉकेल ओततात, इंजिन पाच मिनिटं चालवतात आणि मग नवीन ऑईल भरतात. हे करू देऊ नका. समोर उभे राहून "डिझेल मारायचं नाही" असं स्पष्ट सांगा. डिझेलमध्ये बेअरिंगला सांभाळण्याइतकी जाडी नसते. शिवाय गाळाचे खपले सुटून चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतात आणि वर ऑईल पोचत नाही. तयार मिळणाऱ्या फ्लशच्या बाटलीतही जाड गाळाच्या इंजिनाला हाच धोका आहे.

त्याऐवजी हे करा. आत्ताच्याच जाडीचं, पण चांगल्या एपीआय दर्जाचं मिनरल किंवा सेमी सिंथेटिक ऑईल आणि नवा फिल्टर घाला. १,५०० किलोमीटरनंतर दोन्ही बदला. पुन्हा १,५०० चालवा. म्हणजे सिंथेटिकच्या आधी दोन छोटी चक्रं. गाळ विरघळत विरघळत फिल्टरमध्ये जातो, एकदम सुटत नाही.

प्रत्येक वेळी काढलेला फिल्टर कापून बघा. घड्यांमध्ये काळे, कुरकुरीत कण दिसले तर सफाई चालू आहे असं समजा. दुसऱ्या खेपेलाही तेवढेच दिसले तर तिसरं चक्र करा. चकाकणारे धातूचे कण किंवा पितळी चमक दिसली तर थांबा, ती बेअरिंगची झीज असू शकते.

दुसऱ्या टप्प्यात डांबरासारखा जाड थर दिसला असेल तर हा उपाय पुरणार नाही. चेंबर खाली काढून, जाळी आणि चेंबर धुऊन, नवीन गॅस्केट लावून बसवावं लागेल.

## टप्पा ६: कोणतं ऑईल?

पुस्तिकेत २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० असेल तर फुल्ली सिंथेटिक ५डब्ल्यू-४० सहज मिळतं आणि ते चालतं. तापल्यावर ४०च राहतं, फक्त थंड स्टार्टला बरं वाहतं. इंजिन बरंच चाललेलं असेल आणि पुस्तिकेत ५० नंबर मान्य असेल तर १५डब्ल्यू-५० हाही पर्याय आहे.

पुस्तिकेतच ५डब्ल्यू-३० असेल, जसं बऱ्याच नंतरच्या छोट्या डिझेल गाड्यांत आहे, तर "गाडी जुनी झाली, जाड घाला" या सल्ल्याने त्यात २०डब्ल्यू-५० घालू नका. त्या इंजिनात ऑईलच्या वाटा अरुंद असतात आणि टायमिंग चेनचा ताणही ऑईलच्या दाबावर चालतो.

१०डब्ल्यू-४० घेताना कॅन नीट वाचा. दुकानात या जाडीचं बरंचसं ऑईल मोटारसायकलचं असतं. 'जासो एमए' किंवा 'एमए२' हा जपानी दर्जा लिहिलेला असेल तर ते ओल्या क्लचच्या दुचाकीसाठी आहे, गाडीसाठी नको. उलट चूक त्याहून जास्त होते: गाडीचं उरलेलं सिंथेटिक बुलेट किंवा स्प्लेंडरमध्ये ओततात आणि क्लच सुटायला लागतो.

दर्जा बघताना पेट्रोलसाठी एपीआयमध्ये एस अक्षराने सुरू होणारी जोडी बघा, उदाहरणार्थ एसएन किंवा एसपी. डिझेलसाठी सीएच-४, सीआय-४ असे सीचे दर्जे. पेट्रोलमध्ये दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. डिझेल गाडीत फक्त पेट्रोलचा दर्जा असलेलं ऑईल घालू नका, डिझेलची काजळी सांभाळण्याची ताकद त्यात नसते. डीपीएफ (धुरातली काजळी अडकवणारा फिल्टर) असलेल्या गाड्यांसाठी कमी राखेचं ऑईल मिळतं. तुमची जुनी डिझेल डीपीएफशिवायची असेल तर त्याच्या मागे लागायचं कारण नाही.

पद्मिनी किंवा अँबॅसेडर जपून ठेवलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. त्यांच्या सपाट टॅपेटना ऑईलमधल्या झिंक-फॉस्फरस द्रव्याची गरज जास्त असते. नव्या पेट्रोल दर्जांत ३० आणि त्याखालच्या जाडीच्या ऑईलांवर फॉस्फरसची मर्यादा आहे, ४० आणि ५० वर ती तशी लागू नाही. त्यामुळे या गाड्यांत १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० अशाच जाड्या ठेवा. खरं सांगायचं तर महिन्यातून दोनदा निघणाऱ्या अशा गाडीला वर्षातून एकदा बदललेलं चांगलं मिनरल पुरेसं आहे.

सीएनजीवर चालणाऱ्यांनी ऑईलच्या रंगाकडे बघू नये. गॅसवर काजळी जवळजवळ नसते, म्हणून ऑईल स्वच्छ दिसतं, पण उष्णतेने ते आतून खराब होतच असतं.

## टप्पा ७: खरेदी

ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. झाकणाची कडी न तुटलेली, आतलं सील शाबूत, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख पुसट नसलेली असावी. कॅनवर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करून बघा. सुटं, ड्रमातलं ऑईल "सिंथेटिक आहे" म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका.

'सिंथेटिक टेक्नॉलॉजी' हे कॅनवरचे शब्द आणि 'फुल्ली सिंथेटिक' एकच नव्हेत. दुकानदाराला विचारून भागत नाही, कॅनच्या मागची बारीक अक्षरं स्वतः वाचा.

त्याच वेळी फिल्टर आणि ड्रेन नटचं नवीन वॉशर घ्या. फिल्टर गाडीच्या कंपनीचा किंवा चांगल्या नावाचा असावा. वॉशर विसरलात तर मग थेंब-थेंब गळती सुरू होते आणि बिचाऱ्या सिंथेटिकवर आळ येतो.

## टप्पा ८: प्रत्यक्ष बदल

घरी करा नाहीतर गॅरेजमध्ये उभे राहून करून घ्या, पायऱ्या याच.

१. गाडी दहा मिनिटं चालवून कोमट करा. घाटावरून आल्या आल्या करू नका, ऑईलने हात भाजतो.

२. सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. खाली जायचं असेल तर स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

३. भरायचं झाकण उघडा, मग ड्रेन नट सोडा. नट बरोबर त्याच मापाच्या रिंग पान्याने सोडा, ॲडजस्टेबल पान्याने कडा गोल होतात. हातमोजे घाला.

४. किमान वीस मिनिटं निथळू द्या. गॅरेजमध्ये घाई होते ती इथेच.

५. जुना फिल्टर काढा. तपासा: त्याची रबरी रिंग फिल्टरबरोबर आली का? ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा होतात. पहिल्या मोठ्या दाबाला सगळं ऑईल रस्त्यावर येतं. मी हे कोरेगाव रस्त्यावर एका गाडीचं झालेलं पाहिलं आहे.

६. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने ऑईल लावा, हाताने फिरवा. रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा, तोही हातानेच. पान्याने आवळू नका.

७. ड्रेन नट नव्या वॉशरसह बसवा. आधी हाताने चार-पाच आटे, मग पान्याने पुस्तिकेत दिलेल्या ताकदीपर्यंत. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जास्त आवळल्याने जातात.

८. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा. झाकण लावा, स्टार्ट करा, दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटर देऊ नका. दोन मिनिटांनी बंद करा, फिल्टर आणि नट खालून बघा.

९. दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक बघा, थोडं थोडं घालत वरच्या खुणेच्या किंचित खाली आणा.

> सावधान: "साडेतीन लिटरचा कॅन आहे, सगळा ओतून टाका" ही पद्धत महागात पडते. लेव्हल खुणेच्या वर गेली तर क्रँक ऑईल घुसळतो, फेस होतो, दाब सिलांवर येतो. डिझेलमध्ये तर जास्तीचं ऑईल हवेच्या वाटेने आत ओढलं जाऊन इंजिन आवरेनासं होऊ शकतं.

## टप्पा ९: पहिले हजार किलोमीटर

पहिल्या १०० किलोमीटरनंतर, मग दर २५० ला लेव्हल बघा. पुठ्ठा पुन्हा अंथरा. लांबचा प्रवास किंवा महाबळेश्वरची चढण पहिल्याच आठवड्यात नको.

ऑईल लवकर काळं झालं तर घाबरू नका, ते आपलं काम करतंय. डिझेलमध्ये तर ते पहिल्याच दिवशी काळं होतं. नवीन जागी ओलसरपणा दिसला तर ती जागा पुसून खडूने खूण करा आणि दोन आठवडे बघा. नुसतं ओलं राहत असेल तर चालवा. थेंब पडायला लागला तर सील बदला, किंवा ते जमेपर्यंत पुन्हा मिनरलवर या. एकदा सिंथेटिक घातलं की परत मिनरल घालता येत नाही, हे खरं नाही. एपीआय दर्जाची इंजिन ऑईलं एकमेकांत मिसळावीत अशीच त्या दर्जाची अट आहे. अडीनडीला रस्त्यात मिळेल ते त्याच जाडीचं ऑईल टॉपअप करा, कमी ऑईलवर गाडी पळवू नका.

टॅपेटचा आवाज वाढला असेल तर आधी टॅपेटची फट मोजून घ्या. जुन्या मोटारींत ती हाताने जुळवावी लागते आणि कित्येक गाड्यांत ती वर्षानुवर्षं कोणी पाहिलेलीच नसते.

## टप्पा १०: पुढच्या तारखा

पहिलं सिंथेटिक ३,००० किलोमीटर किंवा सहा महिन्यांवर काढा. जीव हळहळतो, पण उरलासुरला गाळ याच खेपेत निघतो. फिल्टर पुन्हा कापून बघा. स्वच्छ असेल तर पुढचा बदल पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा. कॅनवर पंधरा-वीस हजार किलोमीटरचं आश्वासन असलं तरी जुन्या इंजिनाला ते लावू नका. झिजलेल्या रिंगांवरून वायू खाली येतात, ऑईलमध्ये पेट्रोल आणि पाणी मिसळतं, आणि त्यावर सिंथेटिककडेही इलाज नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला तर किलोमीटरपेक्षा महिनेच मोजा.

गिअरबॉक्सलाही सिंथेटिक घालायचं ठरवलंत तर पुस्तिकेतला जीएल-४ की जीएल-५ हा गिअर ऑईलचा दर्जा आधी बघा. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ घातल्याने गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना त्रास होऊ शकतो आणि गिअर अडकायला लागतात. "पाच चारपेक्षा भारी" असा हा हिशेब नाही.

राहिलं जळकं ऑईल. दोन छोटी चक्रं आणि एक मोठा बदल मिळून आठ-दहा लिटर सहज साठतं. ते गटारात किंवा बांधावर ओतू नका, विहिरीच्या पाण्यापर्यंत ते पोचतं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लोक ते हाताने फासतात, तेही टाळा, अंगाला लागू देण्याजोगं ते नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून अशा गॅरेजला द्या जे वापरलेलं ऑईल अधिकृत पुनर्प्रक्रियेवाल्याकडे पाठवतं. रिकामा कॅन भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने दोन-चार भोकं पाडा आणि लेबल फाडून टाका, म्हणजे त्यात बनावट ऑईल भरून तो पुन्हा कोणाच्या गळ्यात पडणार नाही.